हास्याची बारनिशी

विषमज्वरातून उठून मी कचेरीत पुन्हा रुजू झालो, तेव्हा मार्चअखेरचे हिशेब तोंडावर आले होते आणि मेजावर तुंबलेली प्रकरणे पाहून अंगातले उरलेसुरले त्राणही जाते की काय, अशी शंका मनाला चाटून गेली. इतक्यात शेजारचे वृद्ध अव्वल कारकून चष्मा कपाळावर सारून अत्यंत गंभीर मुद्रेने म्हणाले, "अहो, तुमचा ताप आवक बारनिशीत नोंदला आहे, जावक झाल्याचा कागद मात्र अद्याप दप्तरी नाही!"

प्रथम शिपाई हसला, मग टंकलेखक, आणि पाहता पाहता ते हास्य एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकत थेट शिरस्तेदारांच्या पडद्याआड पोहोचले. ज्या वाटेने कागद आठवडाभर रखडतो, ती त्याने क्षणार्धात ओलांडली. काम तिळमात्र उणे झाले नाही. परंतु ते आता माझ्या एकट्याचे राहिले नाही, असे उगाच वाटू लागले.

चिमणरावांचे जनक, विनोदी लेखक चिं. वि. जोशी (1892-1963) बडोदे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी होते, हे आठवले की रुक्ष दप्तरे आणि निर्मळ विनोद यांचे वैर मला पटत नाही. वैर आहे ते अधिकाराशी. वरिष्ठाच्या कोटीवर कनिष्ठ हसतो तो पुष्कळदा हुकमाची तामिली म्हणून, आणि कनिष्ठाच्या व्यंगावर वरिष्ठ हसतो त्याला विनोद म्हणणे हा विनोदाचा अवमान होय.

त्या वृद्ध गृहस्थांना स्वतःला किती थकवा आला होता, हे मी कधी विचारले नाही. मात्र जेथे कनिष्ठाला वरिष्ठासमक्ष निर्भयपणे हसता येते, तीच कचेरी निरोगी समजावी.