दुर्गादेवीचा दुष्काळ मला आता खरा वाटतो

दुर्गादेवीच्या दुष्काळावर माझा विश्वास नव्हता. १३९६ पासून बारा वर्षं दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, गावंच्या गावं ओस पडली, असं गॅझेटियरपासून गुरुजींपर्यंत सगळे सांगत आले. मी बदलापूरचा. पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, अशा गावच्या माणसाला एका तपाची अनावृष्टी पटणं कठीणच. एखाद-दोन वर्षांचं संकट सांगता सांगता लांबलं असेल, आणि माणसं मेली ती पावसापेक्षा सारावसुलीनं आणि लढायांनी, असं मी ठासून मांडत असे. आधारही होता. देशभरच्या पावसाची आकडेवारी १८७१ पासून सलग मिळते. तिच्यात १८७७, १८९९, १९७२ ही भीषण वर्षं आहेत, १९६५-६६ किंवा २०१४-१५ अशा जोड्या आहेत. बारा वर्षांच्या जवळपास जाणारं काही नाही.

हे मत हललं ते बस्तरमधल्या एका दगडामुळे. जगदलपूरजवळ कांगेर घाटीच्या जंगलात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका स्टॅलॅग्माइटवरचं, म्हणजे गुहेच्या जमिनीवरून वर वाढत गेलेल्या चुन्याच्या खांबावरचं, संशोधन आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा पाऊस त्यात वाचता येतो. आमच्या शेजारच्या अंबरनाथचं शिवालय १०६० सालचं. त्या सुमाराचा थरही त्याच दगडात आहे.

दगडातून पाऊस कसा वाचायचा, हे समजून घेतल्याशिवाय मी हे मानलं नसतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना मुळांनी आणि कुजणाऱ्या पाल्यानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेत थेंब पडला की वायू उडून जातो, चुना मागे राहतो. त्याच पाण्यातून युरेनियमही येतं. थोरियम मात्र पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थरात सापडणारं थोरियम बहुतांशी तिथेच युरेनियमपासून तयार झालेलं असतं. त्याच्या प्रमाणावरून थराचं वय निघतं. पाऊस जोरदार असेल तर चुन्यातला जड ऑक्सिजन कमी भरतो, दुबळा असेल तर वाढतो. कार्बनवरून गुहेच्या माथ्यावरची हिरवळ कळते: उष्ण प्रदेशातल्या गवतात जड कार्बन झाडांपेक्षा जास्त असतो. अर्थात ठिबकणं मंदावलं तरी कार्बनचा आकडा चढतो, म्हणून नुसत्या त्याच्यावर जंगल गेलं असं म्हणता येत नाही.

दंडकच्या खांबात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत मान्सून वारंवार, दशकानुदशकं दुबळा राहिलेला दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ नेमका त्याच काळातला. तिथे मी थांबलो. बारा म्हणजे बाराच वर्षं हे दगड सांगत नाही, तेवढी बारीक मोजणी त्या कालगणनेत नाही. शिवाय पाऊस अजिबात नव्हता असंही नाही, तो वर्षामागून वर्षं अपुरा होता. राजवटीचा दोषही मी मागे घेत नाही. पण सलग दुष्काळ अशक्यच, हे माझं म्हणणं टिकत नाही. दीडशे वर्षांची नोंद मी मान्सूनची सीमा धरून चाललो होतो.

बस्तरचा दगड दख्खनबद्दल काय सांगणार, अशी शंका मलाही आली. पण तो भाग मान्सूनच्या गाभ्यातला; तिथला पाऊस बिघडतो तेव्हा देशाचा मोठा भाग होरपळतो. आपल्याकडे तसा पुरावा मिळणं अवघड, कारण पायाखाली चुनखडक नाही, काळा पाषाण आहे. इथली कोंडाण्याची लेणी तर माणसांनी कोरलेली, चुन्याचे थर साठलेली गुहा नव्हे. सह्याद्रीतली जवळची गुहा उत्तर कन्नडमधली अकलगवी. तिच्यातल्या खांबावरून यादव, रमेश आणि पंत यांनी ३३१ वर्षांचा पाऊस मांडला. यांतले जी. बी. पंत पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे. त्यांनीच बोरगावकरांबरोबर १९८३ मध्ये आमच्या ठाणे भागातल्या सागाची वाढवलयं आणि इथलं हवामान यांचा संबंध अभ्यासला होता.

हे सगळं मला आज इतकं जवळचं वाटतं ते नळामुळे. ज्या उल्हास नदीतून आमच्याकडे पाणी येतं, तिला उन्हाळ्यात जे पाणी असतं ते मुख्यतः भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटलेलं, म्हणजे घाटावरच्या आंध्रा धरणात पावसाळ्यात साठलेलं. बारवी धरणाचंही तेच, पावसाळ्यात भरायचं आणि पुढच्या जूनपर्यंत पुरवायचं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही तिन्ही शहरं एकेका पावसाळ्याच्या भरवशावर वाढत चालली आहेत. एक वर्ष हुकलं तर पाणीकपातीवर भागतं. लागोपाठ पाच वर्षं अपुरा पाऊस झाला तर काय करायचं, हा प्रश्न मी पूर्वी उडवून लावला असता. आता नव्या इमारतींना परवानगी देताना, धरणाची उंची ठरवताना तो कागदावर मांडलेला मला पाहायचा आहे, १८७१ नंतरच्या आकड्यांशेजारी चौदाव्या शतकाचा रकाना धरून.