पहिला लेथ

रविवार, रात्र. लेथ ठरला. सात बाय चौदा इंच. 180 मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरेल, दोन सेंटरांमध्ये 350 मिलिमीटर लांबी बसेल. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलून खोलीत नेता येईल.

बाबा तुर्भ्याच्या एमआयडीसीत टर्नर होते, हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर. माझ्या लेथचा फोटो पाहून पहिलं एवढंच विचारलं, "बेड किती जाड आहे रे?" मग म्हणाले, "सगळे पैसे मशीनला घालू नकोस. निम्मे हत्यारांना ठेव."

उद्या हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटला जायचंय. फोर-जॉ चक हवाच. थ्री-जॉ झटपट पकडतो, पण वेडावाकडा तुकडा डायल गेज लावून बरोबर मध्यावर आणायचा तर चार जबडेच लागतात. टेलस्टॉकसाठी ड्रिल चक, फिरता सेंटर. कार्बाइड टूलचा मोह टाळलाय. छोट्या मशीनला त्याचा दाब झेपत नाही. हाताने घासलेला धारदार हाय-स्पीड स्टीलचा बिट तिथे सुरेख कापतो.

बाबांनी आज टूलची उंची शिकवली. गोल बार आणि टूलचं टोक यांत स्टीलची पट्टी अलगद दाबायची. उभी राहिली तर टोक मध्यावर. वरचं टोक जॉबकडे कललं तर टूल वर आहे, आपल्याकडे कललं तर खाली. खाली असेल तर पातळ पत्र्याचं पॅकिंग घालायचं. किती साधं, किती अचूक!

काळजी एकच, आमच्या सारसोळ्याची खारी हवा. खाडी इतकी जवळ की खिडकीचे गज दर पावसाळ्यात सोलवटतात. बेडवर तेलाचा हात रोज फिरवावा लागेल. बाबांनी त्यांची जुनी तेलाची कुपी आत्ताच माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय.