बोईचे कल्ले

अर्थ म्हणजे काय, मन म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण कुठेतरी खोल आत नाहीतर पार वर बघायला लागतो. उत्तर शोधायला मला नवी मुंबईतलं करावे गाव बरं वाटतं. एका अंगाला सीवूड्सचे टॉवर, दुसरीकडे पाम बीच रस्त्यापलीकडची खारफुटी आणि खाडी. मध्ये आगरी-कोळ्यांची घरं.

मासळी विकणाऱ्या मावशीपुढे बोईचे वाटे लावलेले असतात. ‘ताजी हाय, सकालचीच.’ गिऱ्हाईक वाकतं, अंगठ्याने कल्ला उचलून लाली बघतं, पोटावर बोट दाबतं. खळगा तसाच राहिला तर सौदा संपला. मावशीच्या बोलण्याचा अर्थ तिच्या डोक्यात हुडकायचा की माशात? बोलताना तिने आपली पत पणाला लावलेली असते. मासळी उतरलेली निघाली तर उद्या चारचौघींत तिला जाब द्यावा लागेल. या देण्याघेण्यापलीकडे अर्थ नावाची वस्तू मला तरी कधी दिसलेली नाही. भाषा वापरात बघा, असं तत्त्वज्ञ विट्‌गेन्श्टाइन सांगत होता. त्याचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ त्याच्यामागे, १९५३ साली निघालं.

मनाचंही तेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला साधारण सहा, अमावास्येला सव्वाअकरा. हे मला पाठ आहे, म्हणून मला खाडी कळते असं करावेतलं पोरही म्हणणार नाही. ज्याला कळते तो वारा बघून जाळं कुठे लावायचं ते ठरवतो आणि सुकतीला होडी चिखलात रुतण्याआधी परततो. त्याचं जाणणं या करण्यातच आहे. देहाच्या यंत्रात बसलेलं मनाचं भूत गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये उतरवलं, ते याच वाटेने.

मराठीत अशी चिकित्सा दि. य. देशपांडे आणि मे. पुं. रेगे यांनी केली. देशपांड्यांनी १९९० साली ‘नवा सुधारक’ काढला, तोच पुढे ‘आजचा सुधारक’ झाला. रेगे ‘नवभारत’चे संपादक होते. माझा कल रेग्यांकडे. नीती आधी माणसांत राहून अंगी लागते, तपासणी मागाहून. (देशपांड्यांच्या तर्कापुढे हे बोलायची माझी छाती झाली नसती.)

न्यायाचंही तसंच. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली आणि इथल्या गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. आपल्या जमिनीवर जे उभं राहतंय त्यात वाटा मिळावा, एवढंच लोक मागत होते. ती मागणी न्याय्य होती, आणि हे म्हणायला मला कुठल्याही अतींद्रिय तत्त्वाची साक्ष लागत नाही.