वादळातला बाप

सिनेमा पाहून झाल्यावर घरात जो वाद होतो, तो मला पुष्कळदा सिनेमापेक्षा अधिक आवडतो. सिनेमा चालू असतो तोवर सगळे एका दिशेला तोंड करून गप्प बसलेले असतात. मग पाने वाढली जातात, आणि पहिला घास घेता घेता कुणीतरी म्हणते, "पण त्याने तसे करायला नको होते!" तेव्हा कळते की एका पडद्यावर पाच जणांनी पाच सिनेमे पाहिले. त्यातून सिनेमा एखाद्या पराक्रमी वीराचा असला की वादाला विशेष धार चढते. सामाजिक चित्रपटातला नायक कसाही वागो, आपण म्हणतो, असतात अशी माणसे. पण ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो, त्या वीराने आपल्या ओळखीप्रमाणेच वागले पाहिजे. तो लेखकाचा नसतो, दिग्दर्शकाचा नसतो, आपला असतो.

'मॅन ऑफ स्टील' या चित्रपटाचे असेच झाले. जून २०१३ मध्ये तो अमेरिकेत लागला. दिग्दर्शक झॅक स्नायडर, आणि सुपरमॅनच्या भूमिकेत हेन्री कॅव्हिल. जगभर मिळून त्याने साठ कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, म्हणजे लोकांनी तो पाहिला खराच. पण पाहून बाहेर पडलेल्या लोकांत जी फूट पडली, ती इतकी वर्षे झाली तरी बुजलेली नाही. एक पक्ष म्हणतो, सुपरमॅनला प्रथमच माणसाचे काळीज मिळाले. दुसरा म्हणतो, सुपरमॅन होता, त्याला मारून टाकला.

ज्या आजीआजोबांचा या वीराशी परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिप्टन नावाचा एक ग्रह नाश पावत असतो. तिथले एक जोडपे आपले तान्हे मूल यानात घालून आकाशात सोडून देते. ते यान अमेरिकेतल्या कॅन्सस प्रांतात, एका शेतकऱ्याच्या रानात येऊन पडते. जोनाथन आणि मार्था केंट हे निपुत्रिक नवराबायको त्या मुलाला वाढवतात. आमच्या आईने ही हकिकत ऐकली आणि एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे कृष्णच की रे! देवकी तिकडे राहिली, यशोदा इकडे." ज्या दोन पोरांनी हा वीर कल्पिला ते क्लीव्हलंड शहरातले, ज्यू निर्वासितांचे मुलगे होते: जेरी सीगेल आणि जो शुस्टर. त्यांच्या डोळ्यांपुढे टोपलीत घालून नदीत सोडलेला मोशे असावा, असे म्हणतात. आईला मी ते सांगितले नाही. १९३८ साली दहा सेंट किमतीच्या एका चित्रमासिकात सुपरमॅन प्रथम छापून आला, आणि त्याचे सारे हक्क या दोघांनी १३० डॉलरांना विकून टाकले होते. लेखकांच्या व्यवहारज्ञानाविषयी याहून अधिक काही लिहायची गरज नाही.

तर या चित्रपटावरचा मोठा वाद शेवटच्या प्रसंगाचा. क्रिप्टनचाच एक सेनापती झॉड पृथ्वी उजाड करायला आलेला असतो. दोघांच्या झुंजीत अर्धे शहर कोसळते. अखेर एका रेल्वे स्टेशनात सुपरमॅनने झॉडची मान धरलेली आहे, आणि झॉडच्या डोळ्यांतून निघणारा जाळ हळूहळू एका कुटुंबाकडे सरकतो आहे. सुपरमॅन त्याला थांब म्हणून विनवतो. तो थांबत नाही. तेव्हा सुपरमॅन त्याची मान मोडतो, आणि गुडघ्यांवर कोसळून किंकाळी फोडतो.

मार्क वेड हा स्वतः सुपरमॅनच्या कथा लिहिणारा लेखक. त्याने नंतर आपलीच फजिती लिहून ठेवली आहे. हा प्रसंग जवळ येऊ लागला तसा तो थिएटरात पुटपुटू लागला, की करू नकोस, करू नकोस. मान मोडताच तो उभा राहून मोठ्याने ओरडला, की आता तुझा माझा संबंध संपला. सोबतच्या मैत्रिणीने हात धरून त्याला खाली बसवले. मला हा माणूस फार आवडला. आमच्या लहानपणी गावच्या जत्रेतल्या तमाशात वग रंगला की म्हातारी माणसे अशीच उठून राजाला चार शब्द सुनावीत.

त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की सुपरमॅन प्राण घेत नाही, हाच त्याचा धर्म. तो कोणता तरी मार्ग काढतो म्हणून तर तो सुपरमॅन. उलट बाजूचे म्हणतात की मार्गच उरला नसेल तर? आणि इतिहास पाहिला तर दोघांचीही थोडी अडचण होते. अगदी पहिल्या गोष्टींतला सुपरमॅन चांगलाच दांडगट होता. न मारण्याचा नियम १९४०च्या सुमारास संपादकांनी घालून दिला. पुढे १९८८ मधल्या एका चित्रकथेत त्याने झॉडसकट तीन गुन्हेगारांना मृत्युदंड दिला होता. पण तिथे त्या कृत्याने त्याचे मन इतके पोखरले की तो पृथ्वी सोडून निघून गेला. माझी स्वतःची तक्रार नेमकी इथे आहे. त्याने मान मोडली याबद्दल मी काही म्हणत नाही. तसा पेच कुणावर येऊ नये. पण एवढी किंकाळी ऐकवल्यावर पुढच्याच दृश्यात तो एका लष्करी अधिकाऱ्याशी थट्टामस्करी करताना दिसतो. आपल्याकडे सुतक तरी दहा दिवस पाळतात.

शहर कोसळले, त्याखाली माणसे किती गेली, याची विचारपूस सिनेमात कुणी केली नाही, हाही आक्षेप पुष्कळांनी घेतला. तो दिग्दर्शकालाही लागला असावा. २०१६च्या पुढच्या चित्रपटात तोच विध्वंस जमिनीवरून, पळणाऱ्या माणसांच्या उंचीवरून दाखवला आहे, आणि बॅटमॅनचा सगळा राग त्यातूनच निघतो. प्रेक्षकांच्या तक्रारीचेच कथानक झाले म्हणायचे.

हे सगळे वाद मी नंतर वाचले. आमच्या घरात मात्र मानेवरून कुणी भांडले नाही. आम्ही हा सिनेमा पाहिला टीव्हीवर, हिंदीत केलेला, एका रविवारी दुपारी. आणि भांडण पेटले ते बापावरून.

सिनेमात दोन प्रसंग आहेत. पहिल्यात मुलांनी भरलेली शाळेची बस नदीत पडते. त्यात हा मुलगाही असतो. तो ती बस पाण्यातून ढकलून काठाला आणतो. घरी बाप त्याला बजावतो की तुझी शक्ती कुणाला दिसता कामा नये. मुलगा विचारतो, मग काय त्यांना मरू द्यायला हवे होते? आणि बाप, केव्हिन कॉस्टनरसारखा भला चेहरा असलेला बाप, 'नाही' म्हणत नाही. कदाचित, असे म्हणतो.

मी हातातला चहा खाली ठेवला. दरवर्षी सहलीला निघताना एसटीत चढून डोकी मोजणारा मी माणूस. मोजणीत एक कमी आले तर पोटात कसा गोळा येतो हे ज्याला माहीत आहे, त्याला हे 'कदाचित' सहन होणे शक्य नाही. "हा बाप नव्हे," मी म्हणालो. आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही मास्तर म्हणून बोलताय. बाप म्हणून बोला." मी गप्प बसलो, कारण बाप म्हणून मी काय म्हणालो असतो, ते मला त्या घटकेला सांगता येईना.

दुसरा प्रसंग वादळाचा. हमरस्त्यावर गाड्या अडकल्या आहेत, समोरून जमीन-आभाळ एक करीत भोवरा येतो आहे. गाडीत बापलेकांची बाचाबाची झालेली आहे. तू काही माझा खरा बाप नव्हेस, असे पोरगा बोलून चुकला आहे. सगळे धावत पुलाखाली जातात. गाडीत कुत्रा राहिला म्हणून बाप मागे फिरतो. कुत्रा सुटतो, बापाचा पाय जायबंदी होतो. क्षणात उचलून आणील एवढे बळ मुलाच्या अंगात आहे. तो पाऊल टाकणार, तेवढ्यात दुरून बाप हात वर करतो: येऊ नकोस. मुलगा जागीच थांबतो. धुळीच्या लोटात बाप दिसेनासा होतो.

इथे आमच्या घराचे तीन तट पडले. चिरंजीवांच्या मते हा शुद्ध मूर्खपणा. कुत्र्यासाठी मुळात मुलाने जायचे होते, सिनेमा संपला असता. आई पदराने डोळे टिपत होती. "दशरथ असाच गेला," एवढेच ती म्हणाली. त्याचा संबंध मला अजून नीटसा लागलेला नाही, पण तिला तो लागला होता. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तिसरीच गोष्ट काढली. त्या पुलाखाली मुलाची आईही उभी होती. तिने का नाही सांगितले मुलाला, की जा, घेऊन ये त्यांना? "तिला नवरा हवा होता की नको, हे कुणी विचारलेच नाही," ही म्हणाली, आणि भांडी घासायला उठली. पुढे या चित्रपटावर मी पुष्कळ वाचले; या प्रश्नाला तोडीचा प्रश्न माझ्या पाहण्यात आला नाही.

१९७८च्या जुन्या 'सुपरमॅन'मध्येही हा बाप मरतो. पण तिथे तो हृदयविकाराने, अंगणात, उभ्या उभ्या कोसळतो. आणि एवढे बळ असून आपण त्याला वाचवू शकलो नाही, ही खंत मुलाला लागते. ज्यांचे मन त्या चित्रपटात वाढले, त्यांना हा नवा मृत्यू पटत नाही. तिथे बळ अपुरे पडले. इथे बळ पुरेसे होते, आणि वापरले नाही. मलाही हे म्हणणे बरोबर वाटत होते, सोमवारपर्यंत.

सोमवारी नववीच्या वर्गावर माझा मोकळा तास होता. पोरांनी तोच सिनेमा पाहिलेला. वर्गात एकच गिल्ला: सुपरमॅन भित्रा, सुपरमॅन बावळट, आपण असतो तर एका उडीत आणला असता. मी खुशाल बोलू दिले. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. विचारल्याशिवाय न बोलणारा, आणि विचारल्यावरही बेताचेच बोलणारा. तो आपणहून उभा राहिला.

"बापानं हात केला की पाय उचलत नाय, सर," तो म्हणाला, आणि खाली बसला.

वर्ग गप्प झाला. त्या पोरांना कारण माहीत होते, मलाही होते. आमचे गाव कृष्णाकाठचे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते; धोक्याची पातळी ४५ फुटांची. तेव्हा हा पोरगा लहान होता. त्यांच्या दाराशी नाव आली, त्या वेळी बापाने बायकोला आणि दोन्ही पोरांना नावेत बसवले, आणि स्वतः गोठ्यातली म्हैस सोडायला मागे राहिला. थोरला म्हणजे हा. तो नावेतून उतरू लागला. बापाने छातीइतक्या पाण्यातून हात वर केला. नाव निघाली.

बाप वाचला. दोन रात्री धाब्यावर काढून तिसऱ्या दिवशी छावणीत आला. म्हैस वाचली, रेडकू गेले. छावणी आमच्याच शाळेत होती. त्या दोन दिवसांत हे पोर व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभे असे. जेवायला हाक मारली तर येई, जेवे, आणि पुन्हा तिथेच जाऊन उभे राही. मी दोनदा त्याच्यापाशी गेलो, आणि दोन्ही वेळा काही न बोलता परतलो.

त्या सोमवारनंतर मी सीगेलविषयी थोडे अधिक वाचले. सुपरमॅन लिहिणाऱ्या या पोराचा बाप क्लीव्हलंडमध्ये कपड्यांचे दुकान चालवीत असे. १९३२ साली दुकानात चोर शिरले, त्या गडबडीत तो कोसळला आणि हृदय बंद पडून गेला. पुढच्या काही वर्षांत मुलाने कागदावर जो वीर उतरवला, त्याच्या छातीवरून गोळ्या उडून जात. या दोन गोष्टींना जोडणारा धागा नंतरच्या अभ्यासकांनी काढला आहे. तो खरा असेल, नसेल. पण 'सुपरमॅन असा वागणार नाही' म्हणून तावातावाने भांडणाऱ्या थोरामोठ्यांचे लिखाण मी आता वाचतो, तेव्हा मला वाटते, यांच्याही पाठीमागे कुठेतरी कुणी हात वर केलेला असेल. किंवा कुणी हात केलाच नसेल, आणि तरीही हे जागचे हललेले नसतील. ते अर्थात समीक्षेत लिहीत नाहीत.

म्हणून काही मला तो प्रसंग एकदम निर्दोष वाटू लागला नाही. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, त्या बापाला कुत्र्यासाठी पाठवणे ही लेखकाची सोय आहे, आणि ती सोय दिसते. बसच्या प्रसंगातले 'कदाचित' तर मला आजही बोचते. पण आईचे डोळे ज्या जागी भरून आले ती जागा चुकीची होती, असे आता माझ्याने म्हणवत नाही.

तो मुलगा दहावी होऊन आयटीआयला गेला. जुलै २०२५ मध्ये नवा 'सुपरमॅन' लागला, जेम्स गन या दिग्दर्शकाचा. त्यावरही दोन तट पडले आहेतच. एक अक्राळविक्राळ प्राणी शहर तुडवीत असता यातला सुपरमॅन मध्येच एक खार उचलून बाजूला नेतो. कुणाला हे फार गोड वाटले, कुणाला पोरकट. मी तो पाहण्याआधीच हा पोरगा सांगलीला जाऊन पाहून आला, आणि गावच्या स्टँडवर मला भेटला.

"कसा आहे रे?" मी विचारले.

"ठीक आहे, सर. खार वाचवतो."

"आणि बाप?"

"हाय की जित्ता. शेवटाकडं येतो, बोलतो पोराशी. शेतावरच असतो." जरा थांबून तो म्हणाला, "कुत्रं लय द्वाड हाय त्यात. आणि ते मक्याच्या लाह्या, सर, तिकिटाच्या वर पैसे!" एवढ्यात त्याची एसटी आली, आणि तो धावत जाऊन चढला.