मायनं वय विचारलं

भोकरदनच्या एका शाळेत मी ३१ वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी २३ सप्टेंबरच्या आसपास नववीच्या वर्गाला घेऊन असईला जायचो. १८०३ साली याच तारखेला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीशी लढली आणि हरली. पुढे हाच माणूस वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. उतारवयात त्याला त्याची सर्वांत मोठी कामगिरी विचारली, तेव्हा त्याने आमच्या असईचं नाव घेतलं. हे ऐकलं की पोरं ताठ बसायची. मग माझं ठरलेलं वाक्य यायचं. “इथं आपली माणसं पडली, त्यांना नमस्कार करा. समोरचे मद्रासचे शिपाई पगारासाठी आले होते. त्यांच्यासाठी हळहळायचं कारण नाही.”

एका वर्षी बाभळीखाली बसलेला एक मुलगा उभा राहिला. “सर, त्या मद्रासवाल्यांच्या घरी कुणी कळवलं असेल का?” वर्ग हसला. “तुला फार पुळका आलाय त्यांचा,” असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. ती गोष्ट मी विसरूनही गेलो.

नोव्हेंबर २०२३ ची सुरुवात. एका सकाळी ओसरीवर बसून मी मायला पेपर वाचून दाखवत होतो. तिला आता अक्षर दिसत नाही, पण जगाची खबर लागते. हलेल सोलोमन नावाचा भारतीय वंशाचा इस्रायली सैनिक गाझात लढताना मारला गेला, अशी बातमी होती. गाव दिमोना. इस्रायलच्या दक्षिणेकडच्या या वाळवंटी गावात आपल्याकडून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची मोठी वस्ती आहे. ‘छोटा भारत’ म्हणतात त्याला. तिथल्या दुकानांत भेळेचं सामान मिळतं, जुन्या माणसांच्या तोंडी मराठी आहे.

मी बातमी अर्ध्यावर सोडली आणि म्हणालो, “जाऊ दे. त्यांचं युद्ध, त्यांचा सैनिक. आणि तिकडं गाझात लेकरं मरतायत, त्यांचं काय?”

मायनं माझ्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही. तिने विचारलं, “कितीचा व्हता रं?”

“वीस.”

“माय गं,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. माझा धाकटा भाऊ फौजेत होता. १९९९ च्या उन्हाळ्यात दीड महिना त्याचं पत्र आलं नाही. तेव्हा माय रोज रात्री एक भाकरी जास्तीची थापायची आणि सकाळी ती गाईला घालायची. भाऊ सुखरूप परतला. पण ते दीड महिने तिच्या अंगातून गेले नाहीत, हे मला त्या सकाळी कळलं.

मी सबंध आयुष्य ‘कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न आधी विचारत आलो होतो. मायनं वय विचारलं.

त्यानंतर मी बेने इस्रायलींबद्दल जमेल तेवढं वाचत गेलो. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्या माणसांची ही लेकरं, असं ते स्वतः सांगतात. कोकणात घाणे चालवले, पण शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. गावावरून दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं लावली. मराठीत कीर्तनं रचली. एलियाहू पैगंबराच्या नावाने पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा केला. आणि इंग्रजी अमलात पिढ्यानपिढ्या मुंबईच्या फौजेत नोकरी केली.

त्यांतला एक सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी. अठराव्या शतकात म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. त्यांची परंपरा सांगते की कैद्यांना जात विचारली तेव्हा त्याने ‘बेने इस्रायल’ असं उत्तर दिलं. टिपूच्या आईने हे नाव कुराणात ऐकलं होतं. तिने मुलाकडे शब्द टाकला आणि त्याचा जीव वाचला. कैदेत केलेल्या नवसाप्रमाणे दिवेकराने १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं. नाव ठेवलं ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचं दार. पुढे तोरा हा धर्मग्रंथ आणायला तो कोचीनला गेला आणि तिथेच वारला. आज मस्जिद बंदरला उतरून सॅम्युएल स्ट्रीटने जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, की त्या देवळामागे शत्रूकडच्या एका मुसलमान आईचा शब्द आहे?

पुढे इस्रायलला जाऊन राहिलेल्या बेने इस्रायलींचीही परीक्षा संपली नव्हती. १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने यांच्या लग्नांवर शंका काढली, तुम्ही खरे ज्यू की नाही, असं विचारलं. १९६४ मध्ये त्यांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा सरकारने त्यांना पुरते ज्यू मानलं. त्या माणसांच्या नातवंडांना अठरा वर्षं पुरी झाली की सक्तीची लष्करी सेवा असते. त्यांच्यातलाच एक वीस वर्षांचा मुलगा गिवाती ब्रिगेडच्या गणवेशात गेला. हिब्रूत ‘हलेल’ म्हणजे स्तुती. सणाच्या दिवशी म्हणायच्या स्तोत्रांना हाच शब्द आहे.

ज्यूंमध्ये माणूस गेला की घरचे सात दिवस खाली बसतात, शेजारी येऊन त्यांना जेवू घालतात. सुतकातल्या घरी चूल पेटत नाही आणि भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन येतात, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मृतासाठी ते जी कद्दीश प्रार्थना म्हणतात, तिच्यात मरणाचा उल्लेखही नसतो. असते ती देवाची स्तुती, आणि शेवटी शांतीची मागणी.

त्या युद्धाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, ते भयंकर होतं. त्यानंतर गाझात हजारो लेकरं गेली, तेही भयंकर आहे आणि ते थांबायला हवं होतं. बदललं ते एवढंच, की एका आईसाठी हळहळलो तर दुसरीच्या वाट्याचं कमी होईल, ही माझी समजूत गेली. ती खोटी होती. हलेलसाठी डोळे भरले त्याच दिवसापासून गाझातल्या पोरांची वयंही मी वाचू लागलो. आधी मी फक्त आकडे वाचत होतो.

मग असईकडेही नव्याने पाहावं लागलं. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा. वेलस्लीकडचं गोरं पायदळ स्कॉटलंडचं, आणि बाकीचं बहुतेक पायदळ तमिळ-तेलुगू मुलखातलं. कंपनीकडचे दीड हजारांहून अधिक मेले किंवा जखमी झाले. आपल्याकडचे त्याहून कितीतरी जास्त. ‘आपली बाजू’ म्हणून मी जी रेघ ओढत होतो, ती त्या शेतात इतकी सरळ कधीच नव्हती.

आता शाळा नाही, वर्ग नाही. ३१ वर्षांच्या त्या पोरांपैकी कुणी हे वाचलं, तर त्यांना एवढंच सांगायचं आहे, की मी तुम्हाला एक धडा चुकीचा शिकवला. आणि तू, बाभळीखाली उभा राहिलेला, ज्याला मी हसून खाली बसवलं. त्या मद्रासवाल्यांच्या घरी बहुधा कुणीच कळवलं नसेल. त्यांच्या आयांनी वाट पाहून पाहून स्वतःच समजून घेतलं असेल. तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला मला उशीर झाला.