आपली विश्वासू

निवृत्त मास्तर ओळखायचा तर तो उभा असताना ओळखावा. तीस-पस्तीस वर्षं फळ्यापुढं उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं चढलेलं असतं. शेजारच्या माणसाशी बोलतानाही आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा लागतो. समोर चार माणसं जमली की उजवा हात उगीच खडू शोधतो. आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात अशी मंडळी रोज सकाळी नगरपालिकेच्या बागेत भेटतात. नावानं त्यांना कुणी हाक मारत नाही. पी.टी.चे सर, गणिताचे सर, मराठीच्या बाई. शाळेनं अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं. विषयानं मात्र सोडलेलं नाही.

बागेत आधी हसणं होतं. हास्यक्लब आता कुणाला नवलाचा राहिलेला नाही. 1995 च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत लोखंडवालातल्या एका बागेत चार-पाच माणसं गोळा करून हा उद्योग सुरू केला. पहिल्यांदा ते विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते कुणाला ना कुणाला बोचणारे; तेव्हा विनोदावाचून हसायची युक्ती निघाली. आमच्याकडे नमस्ते हास्य होतं, मोबाईल हास्य होतं, मौन हास्यात तर सगळी बाग भूत बघितल्यासारखी तोंड उघडून उभी असते. गणिताचे सर तेवढे हसत नाहीत. ते रांगेच्या टोकाला उभे राहून डोकी मोजतात. मग खिशातली छोटी वही काढून, जे आले नाहीत त्यांच्या नावापुढं टिंब देतात. सलग दुसरं टिंब पडलं की त्या घरी फोन जातो. फोन उचलला नाही तर पी.टी.चे सर स्कूटर काढतात. गेल्या पावसाळ्यात एक आजी न्हाणीघरात पडून राहिल्या होत्या, मुलगा पुण्यात, सून पुण्यात. कडी काढून आत शिरले ते या वहीमुळं. हसण्यानं फुप्फुसांचं काय होतं ते डॉक्टरांनी सांगावं. हजेरीनं काय होतं ते गावानं पाहिलंय.

पी.टी.च्या सरांचाही हसण्यावर विश्वास बेताचाच. ‘म्हातारपणी मरण दारातनं येत नाही, मोरीतनं येतं,’ असं ते म्हणतात आणि सगळ्यांना कट्ट्यावर बसवून हात न टेकता उठायला लावतात. मग कडुनिंबाला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं. बोट काढलं तर उत्तम. माजी मुख्याध्यापकांचा तोल गेला की सर त्यांच्यावरही खेकसतात. आयुष्यभर ज्यांच्यापुढं मान खाली घालून रजेचा अर्ज धरला त्यांना ‘गुडघा वाकवा!’ म्हणायला मिळणं, हे सुखही काही लहान नसावं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघाची सभा असते. तिचा क्रम परक्या माणसाला चक्रावून टाकेल: आधी महिन्याभरात गेलेल्यांना श्रद्धांजली, उभं राहून दोन मिनिटं शांतता, लगेच त्या महिन्यात जन्मलेल्यांचं अभीष्टचिंतन, गुलाबाचं फूल आणि टाळ्या, मग मधुमेहावर किंवा मृत्युपत्रावर व्याख्यान, शेवटी चहा-बिस्कीट. रडणं-हसणं यांत श्वास घ्यायलाही जागा नसते आणि कुणाला ते खटकत नाही.

पण खरं काम सभेनंतर सुरू होतं, मराठीच्या बाईंच्या टेबलाशी. बाईंनी आठवीला पिढ्यान्‌पिढ्या अर्जलेखन शिकवलं. डाव्या हाताला ‘प्रति’, मधोमध ‘विषय’, खाली ‘आपली विश्वासू’. परीक्षेत चार-पाच मार्कांचा हा प्रश्न पोरं पाठ करून उरकायची. आता त्या टेबलाशी साठ-सत्तरीची माणसं बसतात आणि त्याच चौकटीत आपलं आयुष्य बसवून घेतात. कुणाचं श्रावणबाळ योजनेचं अनुदान तीन महिने थांबलंय. कुणाचे बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र ओळखत नाही, म्हणून हयातीचा दाखला अडलाय. त्याला बाई मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला कसा निघतो ते दाखवतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नोव्हेंबरात स्वतः जातात. जिवंत असल्याचा पुरावा दर वर्षी द्यावा लागतो याचं त्यांना वाईट वाटत नाही. ‘वर्गात रोज “हजर” म्हणायला लावलंच की मी,’ म्हणतात.

एकदा मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या. घर मुलाच्या नावावर करून दिलेलं, आणि आता मुलानं मागच्या पडवीत काढलेलं.

‘म्या अंगठा दिला बाई. सांभाळतो म्हनला हुता.’

‘म्हणाला होता, की कागदात लिहिलं होतं?’ बाईंनी विचारलं.

त्या एका प्रश्नावर सगळं अडतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा. त्याचं तेविसावं कलम सांगतं की, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट असावी लागते, मेख तिथंच आहे. मावशींच्या बक्षीसपत्राची नक्कल बाईंनी तीनदा वाचली, पोरांच्या पेपरात कुठं अर्धा मार्क देता येईल का ते शोधावं तशी. दुसऱ्या पानावर सापडलं: मुलगा आईचा तहहयात सांभाळ करील. बाईंनी त्या ओळीखाली लाल शाईनं रेघ मारली. पूर्वी बाईंची लाल रेघ चुकीखाली पडायची.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं गेला. वकिलावाचून चालावं असाच हा कायदा बेतलेला आहे. ज्याला स्वतः जमत नाही त्याच्या वतीनं, त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, हे पाचवं कलम बाईंना तोंडपाठ आहे. चरितार्थाची रक्कम महिना दहा हजारांच्या वर जात नाही, हेही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात तेविसाव्या कलमाचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे लावायला हवा असं म्हटलं, त्या निकालाची झेरॉक्स बाईंच्या पिशवीत असते. अर्ज देताना बाई टेबलापासून हलत नाहीत. ‘पोच द्या. शिक्का आणि आवक क्रमांक.’ पलीकडचा कारकून मान वर करतो, चेहरा पडतो, आणि खुर्चीतून उठतो. ‘बाई, तुम्ही?’ बहुतेक वेळा तो आठवी ‘ब’ मधला असतो.

हे दृश्य गावात फार कौतुकानं सांगितलं जातं. मला त्यात कौतुकाइतकीच काळजीही वाटते. बाईंचे विद्यार्थी तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत, पोलीस ठाण्यात आहेत, म्हणून मावशींचा कागद हलतो. ज्या गावात अशा बाई नाहीत तिथल्या मावशींनी काय करायचं? कायदा सगळ्यांना सारखा आहे. आठवी ‘ब’ सगळीकडे नसते. बाईंना असं म्हटलं तर त्या चिडतात. ‘ओळखीनं एकदा काम होतं. पुढच्या वेळी पोच लागते,’ म्हणतात आणि अर्ज लिहायला आलेल्यांनाच पेन धरायला लावतात. मावशींनी आता सही शिकून घेतली आहे. वेलांटी अजून उलटी पडते.

गणिताच्या सरांचं भांडण निराळं. ज्येष्ठ म्हणजे नक्की किती वर्षांचा, हे त्यांना सरकारकडून एका आकड्यात हवंय. चरितार्थाच्या कायद्याला साठ. एसटीच्या अर्ध्या तिकिटाला पासष्ट, फुकट प्रवासाला पंच्याहत्तर. श्रावणबाळला पासष्ट. पाच लाखांच्या आयुष्मान कार्डाला सत्तर. रेल्वेत पुरुषांना साठ आणि बायकांना अठ्ठावन्न होतं. ती सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. सरांनी हा तक्ता आखून संघाच्या भिंतीवर लावलाय, शेवटच्या रकान्यात पोस्टाची पावती चिकटवण्यापुरती जागा ठेवून. सवलत परत मागणाऱ्या पत्रांच्या पावत्यांनी ती केव्हाच भरली.

एक गोष्ट मात्र ही मंडळी मोकळेपणानं बोलत नाहीत. सकाळी दीड तास बागेत घालवून दुपारी दुसऱ्याच्या अर्जासाठी रांगेत उभं राहायला पेन्शन लागते. श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार मिळवणारी मावशी अजून मंडईत बसते. तिला हात न टेकता उठण्याचा सराव वेगळा करावा लागत नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांची जुनी पेन्शन गेली, त्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा बागेतली म्हातारी मंडळी घोषणा द्यायला गेली होती. आणि तासिका तत्त्वावर शाळा-शाळा फिरणारी जी तरुण पोरं आहेत, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी बागेत येतील की कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवतच असतील, हा हिशेब गणिताच्या सरांनीही अजून मांडलेला नाही.

मावशींच्या प्रकरणाला पुढची तारीख मिळाली आहे. सुनावणी दुसऱ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नाही. ज्येष्ठांच्या सुनावण्या तळमजल्यावर घ्याव्यात असा नवा अर्ज बाईंनी दिलाय, पोच आहे, उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत पी.टी.च्या सरांनी बागेतला कार्यक्रम बदलला आहे. हास्य पाच मिनिटांनी कमी, आणि सगळ्यांनी घाटाच्या पायऱ्या चढायच्या. मावशींना मंडईतून यायला उशीर होतो, त्यांच्यासाठी दुसरी बॅच.