आधी घड्याळ बदलते, मग ताट

मुलगा परदेशी शिकायला निघाला की आई त्याच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि लोणच्याची बरणी कोंबते. तिकडची चव त्याला मानवेल का, ही तिची काळजी. पण चवीच्या आधी बदलते ते जेवणाचे घड्याळ!

आखेनचेच पाहा. जर्मनीच्या पश्चिम टोकाला, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमांना खेटून वसलेले हे शहर तिथल्या तांत्रिक विद्यापीठामुळे भारतीय विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये त्यांचीच संख्या सर्वाधिक होती.

आपल्याकडे दुपारी डबा आणि रात्री सर्वांनी मिळून गरम जेवण. जर्मन रीत याच्या उलट. गरम जेवण दुपारी आणि रात्री पाव, लोणी, चीज. त्या जेवणाचे नावच ‘आबेन्तब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव. विद्यापीठाच्या खाणावळीला ‘मेन्सा’ म्हणतात. तिथे दुपारी विद्यार्थ्यांना सवलतीच्या दरात गरम ताट मिळते. मसूर आणि भाज्यांचे दाट सार पाहून आमटीची आठवण होते, पण त्याला फोडणी नसते आणि पुष्कळदा त्यात सॉसेजचे तुकडे असतात. शाकाहारी पदार्थही मिळतात. मात्र पाटी वाचूनच ताट उचलावे.

दुसरा धडा रविवारचा. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद, म्हणून शनिवारीच पिशव्या भरायच्या. विसरलात तर आखेनकरांकडे एक तोड आहे. बसने सीमा ओलांडून नेदरलँड्समधल्या फाल्स गावी जायचे. तिथले सुपरमार्केट रविवारीही उघडे असते.

मग सुरू होतात स्वयंपाकघरातले प्रयोग. मसूर, छोले आणि कोथिंबीर तुर्की दुकानात मिळते. गव्हाच्या पिठावर आकडे छापलेले असतात. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा. पोळ्यांसाठी १०५० बरे. विजेच्या शेगडीला जाळ नसल्याने फुलका थेट आचेवर फुगवता येत नाही. चक्का बांधायची गरज मात्र उरत नाही. ‘क्वार्क’ नावाच्या ताज्या, मऊ चीजमध्ये साखर आणि वेलची घातली की श्रीखंड तयार!

खरी परीक्षा असते ती संध्याकाळी. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून येते आणि ‘जेवायला चल’ म्हणणारे कोणी नसते. मग सकाळची न्याहारी बुडते, रात्री फ्रीजमधला पिझ्झा किंवा विद्यार्थ्यांच्या वर्दळीच्या पॉन्टश्ट्रासेवरचा फलाफल, तोही एकट्याने, संगणकासमोर बसून. यातून तब्येत आणि खिसा दोन्ही बिघडतात. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात तिघाचौघांनी पाळी लावून रांधले, तर भात-आमटी स्वस्तात होते आणि चार शब्द बोलणेही होते.

म्हणून बॅग भरण्याआधी महिनाभर मुलामुलींच्या हाती कुकर द्यावा. वरण-भात, एक उसळ, एक भाजी आणि पोळी एवढे आले तरी पुरे. लोणच्याची बरणी दोन महिन्यांत संपते, हाताची सवय टिकते. मग एके दिवशी फोनवर आई नेहमीप्रमाणे ‘जेवलास का?’ विचारायच्या आत तिकडूनच प्रश्न येतो, ‘आई, आमटीत हिंग किती घालू?’